पोलीस, कोर्ट, जेल ऑनलाइन जोडायचा पैसा नक्की कोण भरतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात ट्रेझरीत नोकरी झाली, पोलिसांची, जेलची, कोर्टाची बिलं हातातनं गेली, त्यामुळं रिटायर झाल्यावर पण लोक हेच विचारत राहतात. कराडच्या अभ्यासिकेतली एमपीएससीवाली पोरं, कोर्टातले ज्युनियर वकील, माहिती अधिकारवाले आणि दोन-चार हवालदार सुद्धा. प्रत्येकाला वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा एकदाच सगळं इथं टाकतोय. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवलेत, नावं काढलीत.

१. सीसीटीएनएस आणि आयसीजेएस एकच ना? पेपरात दोन्ही शब्द येतात.

एक नाही. सीसीटीएनएस म्हणजे क्राइम अँड क्रिमिनल ट्रॅकिंग नेटवर्क अँड सिस्टीम्स, ही पोलिसांची सिस्टीम. वाईला गुन्हा दाखल झाला की त्याची एफआयआर, अटक, पंचनामा, दोषारोपपत्र हे सगळं यात भरायचं आणि तोच आरोपी उद्या फलटणला किंवा पार राजस्थानात सापडला तरी त्याचा इतिहास दिसायला पाहिजे, हा हेतू. आयसीजेएस म्हणजे पोलीस, कोर्ट, जेल, फॉरेन्सिक लॅब आणि सरकारी वकील या पाच जणांच्या वेगवेगळ्या सिस्टीम एकमेकांना जोडणारा पूल, म्हणजे एकानं एकदा भरलेली माहिती दुसऱ्यानं परत टाइप करायची नाही.

पैशाच्या दृष्टीनं फरक एवढाच लक्षात ठेवा की पाच खांब पाच वेगळ्या खिशातनं उभे राहिलेत, आणि पुलाचा खिसा सहावा. पुढची निम्मी भांडणं याच्यातनंच निघतात.

२. पोलीस खातं राज्याचं आहे मग केंद्र सरकार पैसा का देतंय? काय अधिकार?

पोलीस आणि जेल दोन्ही राज्यसूचीत आहेत, सातवी अनुसूची काढून बघा, नोंद २ आणि ४. त्यामुळं शिपायाचा पगार, गाडीचं डिझेल, ठाण्याची इमारत ही जबाबदारी राज्याची. पण फौजदारी कायदा आणि त्याची प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, आणि माहिती राज्याच्या हद्दी ओलांडून फिरायची असेल तर सगळ्यांचं सॉफ्टवेअर एका पद्धतीचं पाहिजे, ते एकटं राज्य करू शकत नाही. घटनेच्या कलम २८२ नुसार केंद्र कुठल्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान देऊ शकतं, विषय आपल्या सूचीतला नसला तरी. एमपीएससीवाल्यांनी हे कलम पाठच करून ठेवा, मुलाखतीत कामाला येतं.

आणि हे नवीन नाही. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालूए, तेव्हा वायरलेस सेट आणि जीपा घेत होते, आता सर्व्हर घेतात.

३. सीसीटीएनएसला सुरवातीला कोणी पैसे दिले? राज्यानं किती घातले?

२००९ ला केंद्रानं ही योजना २,००० कोटी रुपयांची मंजूर केली, अख्ख्या देशासाठी. त्याच्या आधी सीपा नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर होतं, ते त्या त्या ठाण्यापुरतंच चालायचं, बाहेर जोडलेलं नव्हतं. सीसीटीएनएसमध्ये मूळ सॉफ्टवेअर दिल्लीच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडनं आलं आणि राज्याला कॉम्प्युटर, नेटवर्क, ट्रेनिंग, जुन्या रेकॉर्डची डाटा एन्ट्री यासाठी केंद्राचं अनुदान मिळालं. राज्यानं ते घेऊन टेंडर काढायचं, कंपनी नेमायची. महाराष्ट्रात २०१५ ला हे सगळीकडं चालू झालं.

राज्यानं काय घातलं? जागा, वीज, फर्निचर आणि मुख्य म्हणजे माणसं. कॉम्प्युटरवर बसणारा हवालदार राज्याच्या पगारावरचा, तो बंदोबस्तातनं कमी होऊन तिथं बसलाय, हा खर्च योजनेच्या हिशोबात वेगळा कुठं दिसतच नाही. आणि केंद्राच्या अनुदानाचा काळ संपल्यावर देखभाल राज्याच्या गळ्यात आली, त्याचं सविस्तर प्रश्न ७ मध्ये.

४. ६०:४० म्हणतात ते काय असतंय? सगळ्या योजनांना लागू आहे का?

सगळ्यांना नाही, आणि हीच सगळ्यात मोठी गल्लत आहे. वकीलसाहेब सुद्धा चुकतात यात.

केंद्राच्या योजना दोन जातीच्या. एक केंद्र पुरस्कृत, यात केंद्र ६० टाकणार आणि राज्य ४० (ईशान्येकडची आणि हिमालयातली राज्यं ९०:१०, आपण त्यात येत नाही). पोलीस आधुनिकीकरण या जातीतलं. दुसरी केंद्रीय योजना, यात पूर्ण १०० टक्के केंद्राचं, राज्याचा हिस्सा शून्य. आयसीजेएसचा दुसरा टप्पा या जातीतला, फेब्रुवारी २०२२ ला मंजूर झाला, ३,३७५ कोटी, २०२२-२३ ते २०२५-२६ या चार वर्षांसाठी. ई-कोर्टाचा तिसरा टप्पा पण तसाच, सप्टेंबर २०२३ ला ७,२१० कोटी मंजूर.

आता ऐकायला १०० टक्के गोड वाटतं, पण मला विचाराल तर राज्याच्या दृष्टीनं ६०:४० बरं. का, तर ४० स्वतःचे घातले की काय घ्यायचं यात राज्याचा आवाज राहतो, राज्य वार्षिक आराखडा करून पाठवतं, आपल्या गरजेप्रमाणं. १०० टक्के योजनेत काय येणार, कुठलं मॉडेल, किती नग, हे बहुतेक दिल्लीत ठरतं आणि इकडं येतात ते खोके.

६०:४० मधली गोम अशी की राज्याचे ४० वेळेत पडले नाहीत तर केंद्राचे ६० पण अडकतात. समजा वर्षाचा आराखडा १०० रुपयांचा मंजूर, केंद्रानं पहिला हप्ता सोडला, राज्यानं आपला हिस्सा बजेटमध्ये धरला पण वित्त विभागानं त्यातला थोडाच वितरित केला, तर खर्च कमी दिसणार, उपयोगिता प्रमाणपत्र (मिळालेला पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) कमीचं जाणार आणि दुसरा हप्ता पुढं ढकलला जाणार. पेपरात हेडिंग येतं निधी परत गेला. खरं तर बऱ्याच वेळा तो आलेलाच नसतो.

५. केंद्राचा पैसा साताऱ्यापर्यंत येतो तरी कसा?

साताऱ्यापर्यंत पैसा येत नाही हो शक्यतो, वस्तू येतात. खरेदी राज्य पातळीवर होते.

पैशाचा रस्ता असा. केंद्राचं गृह मंत्रालय मंजुरीचं पत्र काढतं, पैसा राज्याच्या एकत्रित निधीत येतो, मग राज्याचा गृह विभाग शासन निर्णय काढून तो पोलीस महासंचालक कार्यालयाला देतो. जुलै २०२१ पासून नियम आहे की प्रत्येक केंद्र पुरस्कृत योजनेला राज्यात एकच नोडल एजन्सी आणि तिचं एकच बँक खातं पाहिजे, केंद्राचा आणि राज्याचा दोन्ही हिस्सा ठराविक दिवसांत त्याच खात्यात टाकायचा, आणि दिल्लीला पीएफएमएसवर (सरकारी पैशाचा हिशोब दाखवणारी केंद्राची ऑनलाइन सिस्टीम) बसल्या जागी दिसतंय खात्यात किती पडून आहे. आधी काय व्हायचं, केंद्राचा पैसा आला की तो दहा खात्यांत जाऊन व्याज खात बसायचा आणि कागदावर खर्च झाला म्हणून दाखवायचे. आता ते बंद. पुढं तर एसएनए स्पर्श आलं, त्यात बिल तयार झाल्यावरच पैसा सुटतो, आधी पाठवून ठेवायची पद्धतच काढली.

नियम चांगला आहे, पण जिथं चार टेबलं होती तिथं सहा झाली हे पण खरं.

६. राज्याच्या बजेट पुस्तकात हे शोधायचं कुठं? सापडतच नाही.

गृह विभागाची मागणी बी-१, पोलीस प्रशासन. त्यात प्रधान लेखाशीर्ष (खर्चाच्या मुख्य खात्याचा नंबर) २०५५ म्हणजे पोलिसांचा महसुली खर्च, ४०५५ म्हणजे भांडवली. जेलचं २०५६, न्यायदानाचं २०१४. सीसीटीएनएस या नावानं गुगलसारखं सर्च मारून सगळं एका जागी मिळणार नाही, कारण काही रक्कम आधुनिकीकरणाखाली, काही संगणकीकरणाखाली, काही केंद्र हिस्सा आणि राज्य हिस्सा अशी दोन वेगळ्या उपशीर्षांत. दोन्ही बेरजा केल्याशिवाय आकडा जुळत नाही. आणि डिसेंबरच्या अधिवेशनातल्या पुरवणी मागण्या बघायला विसरू नका, या सिस्टीमचे कितीतरी पैसे मूळ बजेटात नसतात, पुरवणीतनं येतात.

प्रत्यक्षात किती वाटलं हे बघायला बीम्सची वेबसाइट आहे. बजेटमधला आकडा आणि बीम्सवरचा आकडा यात जमीन-अस्मानाचा फरक दिसला तर घाबरू नका, तरतूद आणि वितरण यात फरक असतोच.

७. मशीन तर केंद्रानं दिलं, मग ते बंद का पडलंय? दुरुस्तीचा पैसा कोणाचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथंच आहे.

अनुदानातनं ट्रॅक्टर मिळतो, डिझेल आपलं आपण घालायचं, तसला हा प्रकार. केंद्राची योजना वस्तू घ्यायला पैसा देते कारण वस्तू मोजता येते, फोटो काढता येतो, उद्घाटन करता येतं. पण सिस्टीम दहा वर्षं चालवायची म्हणजे दर महिन्याला खर्च आहे, नेटवर्कचं भाडं, वार्षिक देखभालीचा करार म्हणजे एएमसी, सॉफ्टवेअरचं लायसन, बॅटऱ्या, टोनर, कागद, इंजिनियर पोराचा पगार. हा खर्च आवर्ती, आणि आवर्ती खर्चाला नाही म्हणायला वित्त विभाग कायम तयार असतो.

आता एका ठाण्यातली एकच खोली डोळ्यासमोर आणा. टेबलावर कॉम्प्युटर, खाली यूपीएस, कोपऱ्यात प्रिंटर, भिंतीवर नेटवर्कचा डबा. कॉम्प्युटर आला योजनेतनं, यंत्रसामग्रीच्या ५२ नंबरच्या उद्दिष्टाखाली (पैसा नेमका कशावर खर्चायचा त्याचा नंबर म्हणजे उद्दिष्ट). विजेचं बिल ०६ मधनं. टोनर आणि कागद १३, कार्यालयीन खर्च. कॉम्प्युटरची दुरुस्ती १७, संगणक खर्च. कंपनीचा माणूस बसवला असेल तर तो १०, कंत्राटी सेवा. लाइट गेल्यावर जनरेटरला लागणारं डिझेल आणखी तिसरीकडंच. म्हणजे एक एफआयआर प्रिंट होऊन बाहेर यायला पाच-सहा शीर्षांत एकाच वेळी पैसा शिल्लक पाहिजे, आणि एका शीर्षातला पैसा दुसऱ्यात ठाणे अंमलदार काय पोलीस अधीक्षक सुद्धा आपल्या मनानं फिरवू शकत नाहीत, पुनर्विनियोजनाची वरनं मंजुरी लागते.

त्यातली यूपीएसची बॅटरी हे खास प्रकरण. तीन-चार वर्षांत ती जाते. किंमत फार नाही. पण ती नवीन वस्तू म्हणायची का दुरुस्ती म्हणायची, यावरनं बिलाला ऑब्जेक्शन लागलेलं माझ्या टेबलावर कितीदा आलंय, आणि तोपर्यंत पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटण भागात दिवसातनं चार वेळा लाइट जाणार, मशीन धाडकन बंद होणार, अर्धी भरलेली माहिती उडणार आणि हवालदार परत हातानं लिहायला घेणार. मग रात्री जागून तीच माहिती परत फीड. मी स्वतः ऑब्जेक्शन लावणाऱ्यांच्या बाजूला बसायचो, नियम बरोबरच होता, तरीपण खोली बंदच होती.

८. ठाण्यातली लोकं खिशातनं खर्च करतात हे खरं का?

करतात. पेनड्राइव्ह, मोबाइलचा डाटा, झेरॉक्सचा कागद, हे अगदी सर्रास. नियमानं बघितलं तर प्रत्येक कार्यालयाला किरकोळ खर्चासाठी थोडी स्थायी अग्रिम रक्कम असते आणि पावती लावून भरपाई मिळते, पण पावतीमागं पळण्यापेक्षा दोनशे रुपये सोडून दिलेले परवडतात अशी माणसाची मनस्थिती होते. फिर्यादीकडनं कागद, टोनर मागवणं मात्र सरळ सरळ बेकायदा आहे, त्याला खर्चाची अडचण हे कारण चालत नाही.

९. मग कोर्ट, जेल आणि लॅबचं कोण भरतं?

कोर्टाचं कॉम्प्युटरीकरण ई-कोर्टातनं, म्हणजे केंद्राचं कायदा मंत्रालय (गृह नाही, हे लक्षात ठेवा), पहिला टप्पा २००७ ला चालू झाला. अंमलबजावणी हायकोर्टाकडं, राज्य सरकारकडं नाही. कोर्टाची इमारत आणि स्टाफ मात्र राज्याचा. ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच चालू झालं, सातारा-सांगलीची अपिलं आता तिकडं, तिथली जागा आणि सोयी राज्याच्या पैशातनं.

जेलला ई-प्रिझन्स, २०१७-१८ च्या सुमारास केंद्रानं ९९.४९ कोटी देशभरासाठी ठेवले, शिवाय २०२१ ते २०२६ साठी जेल आधुनिकीकरणाचे ९५० कोटी. कैद्याला व्हिडिओवर कोर्टात हजर करायचं असेल तर जेलच्या टोकाचा कॅमेरा एका खात्याचा आणि कोर्टाच्या टोकाचा स्क्रीन दुसऱ्याचा, मधली लाइन तिसऱ्याची. तारीख बोंबलली की कोणाला धरायचं ते तुम्हीच ठरवा.

लॅबसाठी २०२४ च्या जूनमध्ये केंद्रानं २,२५४.४३ कोटींची योजना मंजूर केली, २०२८-२९ पर्यंत. आपली प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा कोल्हापूरला. सरकारी वकिलांची बाजू पाचही जणांत सगळ्यात गरीब, त्यांच्याबद्दल जास्त लिहायला काही नाही, पैसाच सगळ्यात उशिरा पोचतो.

१०. ११२ नंबर, सायबर, अपघाताची नोंद... हे पण त्याच पैशातलं का?

नाही, आणि इथं लोकांचं डोकं गरगरतं. ११२ ला निर्भया फंडातनं मदत झाली, तो फंड २०१३ ला केंद्रानं काढला. महिला मदत कक्ष, सायबरमधला महिला-बालकांसंबंधीचा भाग, हे पण त्यातनंच. अपघात झाला की पोलीस मोबाइलवर जी माहिती भरतात ती आयरॅड नावाची सिस्टीम केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची. बोटाच्या ठशांची नॅफिस दिल्लीची, पण त्याच्या आधीच महाराष्ट्रानं स्वतःच्या खर्चानं ॲम्बिस नावाची ठसे आणि चेहरे जुळवणारी सिस्टीम घेतलेली होती.

परिणाम काय तर त्याच हवालदाराला तोच अपघात दोन ठिकाणी भरावा लागतो, कारण दोन मंत्रालयांनी दोन सिस्टीमला पैसे दिले आणि त्या एकमेकांशी जोडायला पैसे कोणीच दिले नाहीत, निदान सुरवातीला तरी.

११. ठाण्यातले सीसीटीव्ही कोणाच्या खर्चानं? सुप्रीम कोर्टाचा काहीतरी आदेश आहे म्हणे.

२ डिसेंबर २०२० चा निकाल आहे, परमवीर सिंग सैनी केसमधला. प्रत्येक ठाण्यात, लॉकअपपासून गेटपर्यंत कॅमेरे, रेकॉर्डिंग १८ महिने टिकलं पाहिजे, आणि यासाठी राज्यांनी पैशाची तरतूद करायची असं कोर्टानं सांगितलं. म्हणजे राज्याचा खर्च. १८ महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवायचं म्हणजे कॅमेऱ्यापेक्षा हार्डडिस्कच महाग पडते, आणि परत तेच, प्रश्न ७ वाचा.

रस्त्यावरचे, चौकातले कॅमेरे वेगळे, ते पुढच्या प्रश्नात.

१२. जिल्हा नियोजन समितीतनं पोलिसांना पैसे मिळतात ना? मग त्यातनं सिस्टीमचं का भागवत नाहीत?

मिळतात. पालकमंत्री अध्यक्ष असतात, जिल्हाधिकारी सचिव, पोलीस अधीक्षक प्रस्ताव पाठवतात आणि गाड्या, चौकातले कॅमेरे, कंट्रोल रूमचं सामान अशा वस्तू त्यातनं घेतल्या जातात. पण हा पैसा पण बहुतेक वस्तूंचाच, एकदाच द्यायचा. नेटवर्कचं दर महिन्याचं भाडं किंवा एएमसी यातनं वर्षानुवर्षं द्यायला जागा नाही. शिवाय सीसीटीएनएस राज्याचा एकच करार आहे, त्यात साताऱ्यानं आपला वेगळा कॉम्प्युटर घेऊन जोडला तर तो करारात नाही, बिघडला तर कंपनीचा माणूस हात लावणार नाही. हा अनुभव बऱ्याच जिल्ह्यांनी घेतलाय.

नगरपालिका, ग्रामपंचायत, व्यापाऱ्यांची वर्गणी यातनं गावात लागलेले कॅमेरे हा आणखी निराळा विषय, उद्घाटनाच्या दिवशी सगळे चालू असतात.

१३. नवीन फौजदारी कायदे आल्यावर खर्च वाढला का? तो कोण देतंय?

वाढला, बराच. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं, कलम १७६ च्या पोटकलम ३ नुसार सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकचा माणूस घटनास्थळी गेला पाहिजे (यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिलीय). या रेकॉर्डिंगचं ई-साक्ष्य हे ॲप केंद्राच्या एनआयसीनं बनवलं, ते फुकट. पण ॲप ज्या मोबाइलमध्ये टाकायचं तो मोबाइल किंवा टॅब, त्यातलं सिमकार्ड, व्हिडिओ साठवायची जागा, फॉरेन्सिकची व्हॅन आणि तिच्यातली माणसं, यातला मोठा भाग राज्यावर.

कायदा संसदेत झाला, समवर्ती सूचीतला विषय आहे, त्यामुळं त्यात गैर काही नाही. पण कायदा करणारा एक आणि दर महिन्याचं बिल भरणारा दुसरा, हे असंच चालू राहणार असेल तर खर्चाचा अंदाज कायद्याबरोबरच यायला पाहिजे, असं माझं मत.

१४. मार्च आला की एकदम खरेदी का सुरू होते?

कारण तोपर्यंत पैसाच आलेला नसतो. एप्रिलला नवीन बजेट लागू, मग टप्प्याटप्प्यानं वितरण, केंद्राचा हप्ता पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर, मग शासन निर्णय, टेंडर, आचारसंहिता लागली तर तेवढे दिवस पाण्यात. ३१ मार्चला न वापरलेला पैसा व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. म्हणून फेब्रुवारी-मार्चला ट्रेझरीत रात्री अकरापर्यंत दिवे चालू. आणि घाईच्या खरेदीत काय होतं, जे जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर पटकन मिळतं ते घेतलं जातं, जे लागतं ते नाही.

उपयोगिता प्रमाणपत्राला मात्र वर्ष संपल्यावर बारा महिने मिळतात, राज्यांसाठी १२-सी हा नमुना. ते गेलं नाही की पुढचं अनुदान अडकतं, कसं ते प्रश्न ४ मध्ये आलंय.

१५. एफआयआर ऑनलाइन बघायला पैसे लागतात का? एजंट मागतोय.

लागत नाहीत. राज्य पोलिसांच्या वेबसाइटवर प्रकाशित एफआयआर फुकट बघता येते, सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानं २४ तासांत टाकायची असते, अडचण असेल तर ४८ आणि जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद असल्या संवेदनशील केसच्या टाकत नाहीत, तिथं एजंटला पैसे दिले तरी दिसणार नाही. फिर्यादीला ठाण्यातनं एक प्रत मोफत मिळते, तो हक्क आहे. आयसीजेएस मात्र सामान्य माणसाला किंवा खासगी वकिलाला उघडं नाही, कोणी लॉगिन देतो म्हणत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

१६. माझा भाऊ अमेरिकेत असतो, तिकडं म्हणे फी घेऊन हे चालवतात. आपल्याकडं का नाही?

तिकडं पण सगळं फीवर नाही. राज्यांना संघ सरकारकडनं अनुदान मिळतं, गुन्हेगारी रेकॉर्ड सुधारायचा एनसीएचआयपी नावाचा कार्यक्रम १९९५ पासून आहे, आणि बर्न जॅग नावाचं दुसरं अनुदान, ज्यात राज्याच्या वाट्यातले ६० टक्के राज्याला आणि ४० टक्के थेट शहरं-काउंटींना जातात. आपल्या ६०:४० शी त्याचा संबंध नाही, आकडे फक्त सारखे. त्याशिवाय नोकरीसाठी बोटाचे ठसे तपासायची फी, काही राज्यांत कोर्टाच्या दंडावर सरचार्ज, असा पैसा उभा करतात. तिथं पण तीच बोंब असते, अनुदानातनं सिस्टीम उभी राहते आणि अनुदान संपलं की चालवायला पैसा नाही.

आपल्याकडं चारित्र्य पडताळणीसारख्या सेवांना फी आहे, पण ती राज्याच्या तिजोरीत जमा होते, त्या ठाण्याच्या प्रिंटरला मिळत नाही. आणि ते मला पटतं पण. पोलीस ठाण्यानं स्वतःची कमाई करून स्वतःचा खर्च भागवायचा म्हटलं तर काय होईल याचा विचार करा.

१७. २०२५-२६ ला या योजना संपतात ना? मग पुढं?

कागदावरची मुदत ३१ मार्च २०२६, आयसीजेएसची पण आणि पोलीस आधुनिकीकरणाची पण. हा काही अपशकुन नाही, पंधराव्या वित्त आयोगाचा (केंद्र-राज्यांत पैशाची वाटणी सुचवणारा आयोग) कालावधी तिथं संपतो म्हणून बहुतेक केंद्रीय योजना त्याच तारखेला बांधलेल्या असतात, १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचं चक्र. मागं पण असंच झालंय, योजना नव्या नावानं, नव्या आकड्यानं पुढं येतात. अडचण मधल्या काळाची असते, जुनी मंजुरी संपलेली आणि नवीन आलेली नाही, त्या महिन्यांत एएमसीचं बिल कोणाकडं पाठवायचं? तेवढ्यापुरतं राज्यानं आपल्या निधीतनं धरून ठेवायला पाहिजे, हुशार लेखाधिकारी पुरवणी मागणीत आधीच घालून ठेवतात.

१८. आमच्या गावात दूरक्षेत्र आहे पण तिथं कॉम्प्युटर नाही. तक्रार कुठं करायची?

सिस्टीमच्या हिशोबात एकक म्हणजे पोलीस ठाणं. दूरक्षेत्र, चौकी ही ठाण्याचा भाग धरली जाते, त्यामुळं तिथं मशीन नसणं हे योजनेच्या नियमाविरुद्ध असेलच असं नाही. एफआयआर ठाण्यातच सिस्टीमवर नोंद होते. कोयना भागात माणसाला ठाण्यापर्यंत यायला किती वेळ लागतो हे मला माहितीय, पण त्याचा उपाय सध्या ऑनलाइन तक्रार हाच, तीन दिवसांत जाऊन सही करायची. दूरक्षेत्राला कनेक्शन पाहिजे असेल तर तो प्रस्ताव अधीक्षक कार्यालयाकडनंच जावा लागतो, ग्रामसभेचा ठराव जोडला तर फाइल जरा वजनदार होते.

१९. खर्चाची माहिती आरटीआयमधनं मागवली तर गोपनीय म्हणून नाकारतात. काय करायचं?

गुन्ह्याची माहिती आणि खर्चाची माहिती वेगळी मागा. तपासाची माहिती माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(एच) खाली नाकारता येते, पण एएमसीवर किती खर्च झाला, करार कधी संपला, किती रक्कम व्यपगत झाली, यानं तपासाला काय अडथळा येणारए? अर्ज कोणाकडं ते नीट ठरवा. राज्याच्या कराराचं असेल तर पुण्याला सीआयडीकडं राज्य गुन्हे अभिलेख विभाग आहे तिथं, ठाण्याच्या टोनर-विजेचं असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हा नियोजनच्या पैशाचं असेल तर जिल्हा नियोजन अधिकारी. सगळं एकाच अर्जात घातलं की तो फिरत बसतो.

महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, कागदाला पानाला २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही तर पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. मग ९० दिवसांत दुसरं अपील, आपलं राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं.

आणि एक, "सीसीटीएनएसवर एकूण किती खर्च झाला" असं विचारू नका, उत्तर येतं की माहिती एकत्रित ठेवली जात नाही, आणि ते खोटं पण नसतं. लेखाशीर्ष, उद्दिष्ट क्रमांक आणि वर्ष लिहून विचारा, जसं की २०५५ खाली १७ संगणक खर्च, २०२४-२५, तरतूद किती, वितरण किती, खर्च किती. असा अर्ज आला की लेखा शाखेतला क्लार्क बीम्स उघडतो आणि पाच मिनिटांत आकडा काढून देतो.